दादाला विमानाने न्यायचंय? नाशिकच्या ओझर विमानतळावर जायच्या महिनाभर आधीपासून घरी परत येईपर्यंत काय काय करायचं

माझा मोठा भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, आता ४२ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, मॉडरेट. बोलतो पण मोजकं, स्वतःचं सगळं स्वतः आवरतो, पैशांचा हिशोब येत नाही, घड्याळ कळत नाही, आणि "थोडा वेळ थांब" म्हणजे नेमकं किती थांबायचं हे त्याला कधीच समजलेलं नाही. हैदराबादला मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकच सुरू झालं, याला कसं नेणार, विमानात ओरडला तर काय, उठून दाराकडे गेला तर काय. आईने तर सांगूनच टाकलं की मी राहते त्याच्याजवळ, तुम्ही जाऊन या. मला ते पटलं नाही, लग्न त्याच्याही बहिणीचं होतं.

त्यानंतर आम्ही चार वेळा विमानाने जाऊन आलो. चार प्रवासांत मला एक गोष्ट पक्की कळली ती आधीच सांगते. विमानात बसल्यावर फारसं काही होत नाही हो, त्रास होतो तो थांबण्याचा, आणि मधेच कुठेतरी आपल्यापासून वेगळं व्हायला लागतं त्याचा. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे. प्रत्येकाचं माणूस वेगळं असतं त्यामुळे जे तुमच्याकडे लागू होणार नाही ते सोडून द्या.

आधी त्याला विचारा, मग तिकीट

हे बरेच जण करत नाहीत. तिकीट काढतात, बॅगा भरतात, आणि सकाळी सहा वाजता उठवून सांगतात चल आपल्याला जायचंय. लहान मूल असेल तर एकवेळ चालून जातं, मोठ्या माणसाला असं ओढत नेलं तर तो बिथरणारच, आपणही बिथरू. दादाला मी मोबाईलवर विमानाचा फोटो दाखवून विचारलं, यात बसायचं का, तर तो आधी नाही म्हणाला. दोन दिवसांनी स्वतःच आला आणि म्हणाला, "वर?" म्हटलं हो, वर. तिथून पुढे तयारी सुरू झाली.

किती दिवस आधी सांगायचं हे तुमच्या माणसावर आहे. दादाला महिनाभर आधी तारीख सांगितली तर तो रोज पन्नास वेळा "आज?" विचारतो, म्हणून विमानाबद्दल आधीपासून बोलतो पण तारीख आठ दिवसांवर आली की मगच भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करतो आणि रोज रात्री झोपताना एक एक दिवस त्याच्याच हाताने खोडायला लावतो.

तिकीट काढताना

पहिला प्रश्न ओझर की मुंबई. मुंबईहून फ्लाईट जास्त, बऱ्याचदा स्वस्तही, पण नाशिकहून मुंबई विमानतळ गाठायला रस्त्याने चार-पाच तास धरावेच लागतात, त्यात एवढं मोठं टर्मिनल आणि तिथली गर्दी. म्हणजे विमानात बसायच्या आधीच माणूस थकलेला. पहिल्या प्रवासाला दोन पैसे जास्त गेले तरी ओझरच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, छोटं टर्मिनल, चालणं कमी, गर्दी कमी. ओझरहून मोजक्याच शहरांना फ्लाईट असतात आणि वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे आधी फ्लाईट बघा आणि मग बाकीचे बेत ठरवा. मुंबईहूनच जायचं असेल तर टर्मिनल १ की २ हे तिकिटावर नीट बघा, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत कुणाकडे तरी मुक्कामाला जा.

डायरेक्ट फ्लाईटच घ्या, मधे विमान बदलायचं म्हणजे थांबणं डबल. आणि वेळ निवडताना भाडं बघू नका, त्याचं जेवण, औषध आणि झोप बघा. दादा दुपारी एक ते तीन झोपतो, त्या वेळेत त्याला लाईनीत उभं केलं की काहीही होऊ शकतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे जायचं असेल तर सकाळची पहिली फ्लाईट टाळा, धुक्यामुळे ती लेट होते आणि मग तासनतास बसावं लागतं.

आता महत्त्वाचं. तिकीट काढतानाच, नाहीतर निदान विमान सुटायच्या ४८ तास आधी, एअरलाईनच्या कस्टमर केअरला फोन करून सांगा की सोबतच्या प्रवाशाला बौद्धिक अक्षमता आहे आणि मदत लागेल. यासाठी एअरलाईनवाल्यांचा एक कोड असतो, डीपीएनए. बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या आणि मदत लागणाऱ्या प्रवाशासाठीच तो आहे, पण फोनवरच्या प्रत्येकाला माहीत असतोच असं नाही. बरेचदा ते सरळ व्हीलचेअर टाकून देतात. दादाला पायाचा काहीच प्रॉब्लेम नाही, त्याला व्हीलचेअरवर बसवलं तर तो घाबरतो की मला काय झालंय. म्हणून स्पष्ट सांगायचं, व्हीलचेअर नको, डीपीएनए टाका, आणि तिकिटावर ते आलंय का ते बघा. अर्थात तुमचं माणूस चालून लवकर दमत असेल तर व्हीलचेअर जरूर घ्या, तिचे पैसे पडत नाहीत.

सीट शेजारशेजारची हवी हेही त्याच फोनमध्ये सांगा. नाही देत म्हणाले तर सीटचे पैसे भरा पण ते नशिबावर सोडू नका. मी दादाला खिडकी देते आणि मधे मी बसते, म्हणजे अनोळखी माणसाला त्याचा धक्का लागत नाही आणि कुणी बाथरूमला निघालं की त्याला उठावं लागत नाही. सारखं बाथरूमला जावं लागणारं माणूस असेल तर मात्र कडेची सीट बरी. इमर्जन्सी दाराजवळची सीट मिळणार नाही, ती मागूही नका. घरातलंच तिसरं कुणी सोबत असेल तर त्याला बरोबर पुढच्या सीटवर बसवा, पाय हलवायची, पुढची सीट ढकलायची सवय असते तेव्हा पुढे आपलंच माणूस असलेलं बरं.

भाड्याचं म्हणाल तर रेल्वेत बौद्धिक दिव्यांग प्रवाशाला आणि सोबत्याला स्लीपर, थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, विमानात तशी सरसकट सवलत मिळेल असं धरून चालू नका.

कागदं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा, विमानासाठीच नाही, सगळ्यासाठीच लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आपल्याकडे त्र्यंबक रोडचं सिव्हिल. वेळ लागतो, महिना दोन महिने हातात ठेवूनच सुरू करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि बौद्धिक दिव्यांगत्व त्यात स्पष्ट आहे, त्यामुळे "दिसायला तर चांगला आहे" असं कुणी म्हणालं की शांतपणे कार्ड पुढे करायचं. विमानतळावर ओळखपत्र म्हणून आधारच दाखवा, नाव तिकिटावर जसंच्या तसं हवं. दादाचं आधारवर पूर्ण नाव आणि मी तिकिटावर नुसतं नाव-आडनाव टाकलं होतं, गेटवर पाच मिनिटं त्यातच गेली, आणि त्याची पाच मिनिटं म्हणजे खूप होतात.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं का, तर फक्त बौद्धिक अक्षमता आहे एवढ्यावरून लागत नाही. पण फिट येत असतील, हृदयाचं काही असेल, ऑक्सिजन लागत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर एअरलाईन मागू शकते, आणि तुम्हीही डॉक्टरांना विचारूनच जा. विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तशी विरळ असते. आपल्याला ते जाणवत नाही, पण डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच जणांना जन्मापासून हृदयाचा त्रास असतो, त्यांच्यासाठी हा प्रश्न खरा आहे. फिट येत असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा, झोप मोडली, गोळी उशिरा झाली की फिट यायची शक्यता वाढते, आणि पहाटेच्या फ्लाईटला नेमकं तेच दोन्ही होतं. डॉक्टरांनी तातडीला वापरायचा नाकातला स्प्रे दिला असेल तर तो हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

शांत राहायची, झोपेची गोळी द्यावी का असं बरेच जण विचारतात. मी दिली नाही, आणि डॉक्टरांनी दिलीच तर पहिल्यांदा विमानात देऊ नका, आधी एखाद्या रविवारी घरी देऊन बघा. काही जणांना अशा गोळीने झोप येण्याऐवजी उलट जास्त अस्वस्थ वाटतं, ते हवेत असताना कळून उपयोग नाही.

सराव, आणि तो नाशिकमध्येच होतो

दादाच्या शाळेतल्या बाई नेहमी सांगायच्या की नवीन गोष्ट तुकड्या-तुकड्यात द्यायची. नाशिकमध्ये या कामाला जुनी परंपरा आहे, रजनीताई लिमये यांनी १९७७ साली इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली तेव्हापासून कितीतरी आई-वडील हेच शिकलेत. आम्ही विमानप्रवासाचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा गावातच शोधला.

मेटल डिटेक्टरची चौकट आणि अंगावरून फिरवायचं यंत्र उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलच्या दारातच आहे, काही खरेदी नसली तरी चार वेळा आत-बाहेर करा. तिथेच एस्केलेटर. अंधारात, अनोळखी लोकांच्या मधे, एका खुर्चीवर दीड-दोन तास बसायचा सराव म्हणजे थिएटर. बंद डब्यात बसून वर जायचं तर सप्तशृंगी गडाची फ्युनिक्युलर ट्रॉली, तिथे तिकीट, लाईन, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, दार बंद होणं सगळं एकाच ठिकाणी होतं, आणि वर देवीचं दर्शन असल्यामुळे दादा तयार असतो. पट्ट्यासाठी गाडीत मागे बसला तरी पट्टा लावायचाच असा घरात नियम केला.

कानाचा सराव कसारा घाटात. घाट उतरताना आपल्या सगळ्यांच्याच कानाला दडे बसतात, तेव्हा त्याला लिमलेटची गोळी चघळायला दिली, आणि "कान बंद झाला की गिळ" हे शिकवलं. दडे बसल्यावर तो कानावर हात ठेवतो, डोकं हलवतो, हे मला तिथे कळलं, तोंडाने तो "दुखतंय" म्हणत नाही. विमानात ही खूण फार कामाला आली.

आवाजाची ओळख ओझरकडच्या लोकांना वेगळी द्यायला नको. तिथल्या एचएएल या विमान कारखान्यात सुखोई ही लढाऊ विमानं बनतात, आधी मिग बनायची, डोक्यावरून आवाज करत जातातच. आम्ही एकदा मुद्दाम गाडी काढून ओझरला गेलो, दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळून थेट टर्मिनलच्या बाहेरपर्यंत. आत जाता येत नाही पण गाडीतून उतरणारे लोक, त्यांच्या बॅगा, गेटवर कागद बघणारा जवान हे सगळं बाहेरून दाखवलं आणि घरी आलो. परत निघालेलं बघून तो हिरमुसला. ती हिरमुसण्याची भीती असेल तर निघतानाच सांगा, आज फक्त बघायचं.

घरचा सराव मात्र सगळ्यात उपयोगी. दादाकडे एक जुना छोटा रेडिओ आहे, तो त्याच्या हातातून सुटत नाही, आणि विमानतळावर तो एक्सरेच्या मशीनमध्ये टाकावाच लागणार. आम्ही डायनिंग टेबलावर चादर टाकली, परातीत रेडिओ ठेवून टेबलाखाली एका बाजूने सरकवायचा, दुसऱ्या बाजूने भाचा बाहेर काढायचा. पहिल्यांदा दादा टेबलाखाली शिरला, पाचव्या-सहाव्या वेळी तो स्वतःच पलीकडे जाऊन उभा राहिला वाट बघत. टीव्हीचा रिमोट घेऊन अंगावरून फिरवायचा आणि तोंडाने टीं टीं करायचं, हात बाजूला पसरायला लावायचे, मग वळायला लावायचं. आठवडाभर रोज संध्याकाळी हेच.

अजून एक. तुमच्या घरातलं कुणी विमानाने जाणार असेल तर त्याला छोटे छोटे व्हिडिओ काढून आणायला सांगा, जिना, सीट, पट्टा, खिडकी. सिक्युरिटीच्या जागी मात्र शूटिंग चालत नाही. इंटरनेटवरच्या व्हिडिओपेक्षा ज्यात आपला भाचा सीटवर बसून हात हलवतोय तो व्हिडिओ शंभर वेळा बघितला जातो.

बॅग आणि कपडे

हातातल्या बॅगेत काय हवं: दोन दिवसांची औषधं मूळ पाकिटात, एक पूर्ण कपड्यांचा जोड, लागत असतील तर डायपर आणि प्लास्टिक पिशव्या, ओले टिश्यू, कानावर लावायचे मोठे हेडफोन, त्याची आवडीची वस्तू, लिमलेटच्या गोळ्या, राजगिऱ्याचा लाडू, स्ट्रॉ. रिकामी बाटली आत जाऊन भरा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. कात्री, नेलकटर असलं काही त्याच्या खिशात किंवा पाऊचमध्ये राहिलंय का ते तुम्ही स्वतः बघा.

कपडे रोजचे, सवयीचे. नवीन शर्ट नको, टोचतो. बेल्ट नको, नाडीची किंवा इलॅस्टिकची पँट, बूट सहज निघतील असे. हातातलं कडं, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा, हे आदल्या दिवशी बघून घ्या. दादाच्या करदोड्याला चांदीचा मणी होता, तो वाजला, मग जवानाने कमरेला हात लावला आणि दादा आकसून गेला. आता आम्ही प्रवासापुरता साधा काळा दोरा बांधतो. काढूनच ठेवला तर तो सारखा कमर चाचपत बसतो.

शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर त्याचं नाव, माझे दोन नंबर आणि "मला बोलायला वेळ लागतो". छातीवर मोठा बोर्ड लटकवू नका, तो माणूस आहे. निघताना त्याच दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढून ठेवा, चुकून हरवला तर तोच फोटो दाखवायला लागतो. काही विमानतळांवर सूर्यफुलाची हिरवी पट्टी गळ्यात घालायला देतात, दिसून न येणारी अक्षमता आहे हे स्टाफला कळावं म्हणून. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली आणि आपल्याकडे बंगळुरू, दिल्लीला आली आहे. मोठ्या विमानतळावर उतरणार असाल तर मदत कक्षात विचारा.

निघायचा दिवस

घरातून पोटभर खाऊन आणि बाथरूमला जाऊन निघा. चेक-इन काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड ते पावणेदोन तास आधी पोचा. तीन तास आधी पोचू नका, मोठे लोक तसा सल्ला देतात पण आपल्याला थांबणं कमी करायचंय. वेब चेक-इन घरूनच केलं तरी काउंटरवर जाऊन तोंड दाखवा आणि मदत मागितल्याचं सांगा. बोर्डिंग पास कागदावर घ्या. दोन घ्या, त्याचा त्याच्या हातात द्या. दादा तो पास दोन्ही हातांनी धरून चालतो आणि विचारलं की स्वतः पुढे करतो. तिथला माणूस माझ्याकडे बघून "इनका नाम?" विचारतो तेव्हा मी गप्प बसते, दादाला उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात पण तो देतो.

स्टाफ बरेचदा मराठी नसतो म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवलंय, "ये मेरे बड़े भाई हैं, इन्हें समझने में थोड़ा टाइम लगता है, आप धीरे बोलिए और इन्हीं से बोलिए." बाकी लांबलचक हिस्टरी सांगत बसू नका.

सिक्युरिटी, इथे सगळ्यात जास्त तयारी लागते

बाईची लाईन वेगळी, पुरुषाची वेगळी. मी बहीण, तो भाऊ. म्हणजे नेमकं जिथे त्याला माझी गरज तिथेच आम्ही वेगळे. आई-मुलगा, वडील-मुलगी, सगळ्यांचं हेच होतं आणि याबद्दल आधी कुणी सांगत नाही.

एका प्रवासात मी हे गृहीतच धरलं नव्हतं. मी माझ्या लाईनीत पडद्याआड गेले, तेवढ्यात तिकडे दादाला चौथऱ्यावर उभं केलं, जवानाने हातातलं यंत्र वर केलं, आणि दादाला वाटलं मारणार. तो तिथेच खाली बसला, डोक्यावर हात घेऊन. मी बाहेर आले तर मागे लाईन खोळंबलेली, दोघं-तिघं त्याला उठवायला ओढतायत, आणि मला पलीकडे जाऊ देत नव्हते. कुणी वाईट नव्हतं तिथे, कुणाला माहीतच नव्हतं. पण तो प्रसंग मी विसरणार नाही आणि दादाही विसरलेला नाही, त्यानंतर सहा महिने तो मॉलच्या दारातून आत येईना.

आता आम्ही असं करतो. लाईनीत लागायच्या आधीच तिथल्या अधिकाऱ्याला गाठून ते पाठ केलेलं वाक्य सांगायचं, कार्ड दाखवायचं, आणि दोन गोष्टी मागायच्या: एक, त्याची तपासणी आधी होऊ दे आणि तोवर मला त्याला दिसेल असं उभं राहू दे, दुसरं, यंत्र फिरवायच्या आधी त्याला ते एकदा दाखवा. बहुतेक वेळा ऐकतात. तपासणी बसून किंवा बाजूच्या खोलीत करा असंही सांगता येतं. त्याची झाली की त्याला समोरच्या खुर्चीवर बसवून रेडिओ हातात द्यायचा, आणि मग मी माझ्या लाईनीत. शक्य असेल तर घरातला एखादा पुरुष सोबत घ्या, दुसऱ्या प्रवासात भाचा होता, तो पुढे आणि दादा मागे, मामा माझ्यासारखं कर म्हटलं की झालं. तपासणी चुकवता येत नाही आणि तसं मागूही नका, ती कशी करायची एवढंच मागायचं.

थांबणं

गेटजवळ बसू नका, तिथे अनाऊन्समेंट कानावर आदळते. कोपरा शोधा, पाठीमागे भिंत असेल अशी जागा. "अजून किती वेळ" याला मिनिटात उत्तर देऊन उपयोग नाही, मी लिमलेटच्या पाच गोळ्या रुमालात ठेवते, दहा मिनिटांनी एक खायची, संपल्या की विमान. विमान लेट झालं तर दादाला न दिसता रुमालात भर घालायची. आपल्या ओझरच्या फ्लाईट छोट्या पल्ल्याच्याच असतात, त्या दोन तास किंवा जास्त लेट झाल्या तर एअरलाईनने खायला-प्यायला द्यायचं असतं, मागून घ्या.

विमानात

ओझरसारख्या ठिकाणी एअरोब्रिजवर, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणाऱ्या बंद पुलावर, भरवसा ठेवू नका, शिडी चढायची तयारी हवी, आणि बाहेर इंजिनचा आवाज आणि वारा असतो, हेडफोन शिडीच्या आधीच लावा. सगळ्यांच्या आधी चढायचं की शेवटी? मदत मागितलेल्यांना आधी सोडतात. शिडीवर मागून ढकलाढकली नको असेल तर आधी चढा, पण बंद विमानात बसून वाट बघणं जमत नसेल तर शेवटी चढा. आम्ही आधी चढतो.

बसल्यावर एअर होस्टेसला सांगा, सेफ्टीची माहिती याला वेगळी, हळू द्या. ऑक्सिजनचा मास्क आला तर आधी स्वतःला लावायचा आणि मग त्याला, हे मात्र तुमच्याच डोक्यात पक्कं हवं, आपला हात आधी त्याच्याकडेच जाणार.

उडताना दादाने माझा हात एवढा दाबला की बांगडी वाकली, मग खिडकीतून खाली बघितलं, गंगापूर धरण की कुठलं तरी पाणी चमकलं, आणि म्हणाला "पाणी." बस, एवढंच. पुढचा तासभर तो खिडकीलाच होता.

बाथरूम शक्यतो टाळा, जायचंच झालं तर झाकण बंद केल्यावर मीच फ्लश दाबते, तो मोठा आवाज अचानक आला तर घाबरायला होतं. उतरायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं, कान तेव्हा दुखतात, चाकं टेकायच्या वेळेला नाही. म्हणून तेव्हापासूनच लिमलेटची गोळी किंवा स्ट्रॉने घोट घोट पाणी सुरू करा, झोपला असेल तर उठवा. गिळायला त्रास असणाऱ्याला गोळी नको, पाणीच. सर्दी असेल तर कान जास्त दुखतो, आधी डॉक्टरांना दाखवा.

ओरडला, रडला, पुढे-मागे झुलायला लागला तर? बोलणं कमी करा. एकच वाक्य, हळू आवाजात, तेच तेच. लोक बघतात, बघू दे, पण शेजारच्याला आधीच "थोडा त्रास होऊ शकतो, समजून घ्या" म्हटलेलं असलं की निम्मे लोक मदतच करतात.

उतरताना घाई करू नका, सगळे उतरेपर्यंत बसून राहा, पण हे त्याला आधी सांगितलेलं हवं, कारण पट्ट्याची लाईट गेली की सगळे उभे राहतात आणि मग तोही उभा राहतो.

अडवलं तर

२०२२ च्या मे महिन्यात रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्या कंपनीला ५ लाख रुपये दंड केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नियम बदलला. आता दिव्यांगत्वाच्या कारणावरून एअरलाईनला नाही म्हणता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरने माणसाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायला हवं, आणि तरीही नाकारलं तर कारण लगेच लेखी द्यायला हवं. म्हणून अडवलं तर आवाज चढवू नका, तुमचा आवाज चढला की तो आधी बिथरतो. दोनच वाक्यं बोला: "डॉक्टरला बोलवा" आणि "लेखी द्या." ड्युटी मॅनेजरचं नाव, वेळ लिहून ठेवा. नंतर एअरलाईनच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरकडे आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयालाही पत्र टाकता येतं.

परतीचं

परतीचा प्रवास लोक सोपा समजतात, पण तेव्हा तो दमलेला असतो, लग्नात झोप झालेली नसते, औषधाच्या वेळा हललेल्या असतात. परतीच्या आदल्या रात्री कार्यक्रम ठेवू नका. नवीन विमानतळ मोठं असेल तर आधी फोटो दाखवा, मदत परत नव्याने मागितली आहे ना ते बघा, दोन्ही बाजूंचं एकदम होतंच असं नाही. ओझरला उतरल्यावर गाडी आधीच सांगून ठेवा, बाहेर उभं राहून रिक्षा शोधण्याएवढी ताकद कुणात उरत नाही. दुसऱ्या दिवशी दादा जातो त्या वर्कशॉपला सुट्टी.

आणि घरी आल्यावर एका वहीत लिहून ठेवा, कुठे घाबरला, कुठे हसला, कोणतं वाक्य कामाला आलं, किती गोळ्या लागल्या. आमच्या वहीत दादाचे आठही बोर्डिंग पास चिकटवलेत, तो रोज काढून बघतो, आणि पुढच्या महिन्यात नागपूरला जायचंय तर तयारी त्या वहीपासूनच सुरू केली आहे, तारीख अजून सांगितलेली नाही.